कोळशाची धूळ, छातीचा फोटो आणि दोन वर्षांची मुदत

खाणीत छत कोसळून कामगार जखमी झाला, तर त्या घटनेला तारीख असते, पाळी असते, सोबत काम करणारे साक्षीदार असतात. चौकशी होते, कागद तयार होतो. त्याच खाणीत त्याच माणसाच्या छातीत पंचवीस वर्षं धूळ साचत गेली, तर तिचा कागद आपोआप तयार होत नाही. आजार नेमका कधी झाला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. आणि भरपाईचा आपला जुना कायदा १९२३ सालचा, मुळात अपघात डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. त्याला तारीख लागते. फुप्फुसाच्या आजाराचे दावे का अडकतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं छातीच्या फोटोत आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी, उमरेड, सावनेर, कामठी या पट्ट्यात कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. इथल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे कोल इंडियाच्या नागपूरच्या कंपनीच्या. हा लेख त्या घरांसाठी आहे. कायम नोकरीतल्या माणसासाठी आहे, पण त्याहून जास्त ठेकेदाराकडे राबणाऱ्या माणसासाठी.

धूळ आत जाऊन काय करते

डोळ्यांना दिसणारी धूळ फारशी घातक नसते. ती नाकात, घशात अडकते आणि खोकल्यातून, शेंबडातून बाहेर पडते. पाळी संपल्यावर काळा बेडका पडतो, तो याच धुळीचा. घात करते ती न दिसणारी, साधारण पाच मायक्रॉनच्या आतबाहेरची धूळ. ती श्वासनलिकेच्या शेवटच्या टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत पोचते. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात. कण थोडे असले तर त्यांचा निचरा होतो. रोज आठ तास, वर्षानुवर्षं येत राहिले तर पेशी थकतात, फुटतात, सूज येते, आणि भाजलेल्या जागी कातडी आकसून कडक व्हावी तसं फुप्फुस जागोजागी आकसत जातं. या आजाराला न्युमोकोनिओसिस म्हणतात.

त्याचे दोन टप्पे आहेत. साध्या टप्प्यात फुप्फुसात बारीक बारीक गाठी असतात, त्रास मात्र फारसा नसतो. माणूस जिना चढतो, सायकल मारतो, मला काही झालेलं नाही म्हणतो. पुढच्या टप्प्यात गाठी एकमेकींत मिसळून एक सेंटिमीटरहून मोठे घट्ट गोळे होतात. मग धाप लागते, वजन उतरतं आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. कधी असा गोळा आतून सडून फुटतो आणि खाण सोडून वर्षं उलटलेल्या माणसालाही काळा बेडका पडू लागतो.

सगळी धूळ सारखी नसते. कोळशाच्या थरावर, खाली आणि अधेमधे दगड असतो आणि दगडात सिलिका असते. सिलिका कोळशापेक्षा कितीतरी जास्त खुणा सोडते. म्हणून छताला बोल्ट मारणारा, दगडात बोगदा काढणारा, खुल्या खाणीत मातीदगडाच्या थरात ड्रिल चालवणारा माणूस निव्वळ कोळसा भरणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. सिलिकामुळे टीबीचा धोका वाढतो. फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ सालीच सिलिकाला पहिल्या गटात टाकलं आहे. खुली खाण झाली, आता कुठे धूळ, असं वरच्या साहेबांकडून ऐकायला मिळतं. ड्रिलजवळ, हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावर डंपरमागे, कोळसा फोडण्याच्या प्लांटमध्ये आणि रेल्वे साईडिंगवर एक दुपार काढली की त्याचं उत्तर मिळतं.

तिसरा आजार सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. धुळीमुळे श्वासनलिका कायमच्या सुजतात, वायुकोश फाटून मोठे होतात. हाच सीओपीडी, म्हणजे जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा. बिडी न ओढणाऱ्या खाण कामगारालाही तो होतो. यात छातीचा फोटो जवळपास स्वच्छ येऊ शकतो. याचा भरपाईवर काय परिणाम होतो, ते पुढे येईल.

या आजारांवर झालेली हानी भरून काढणारं औषध नाही. धुळीपासून दूर जाणं, बिडी-सिगारेट सोडणं, इन्हेलर, फ्लू आणि न्युमोनियाच्या लसी, श्वासाचे व्यायाम, गरज पडली तर ऑक्सिजन, एवढंच हातात असतं. सिलिकाचा आजार, म्हणजे सिलिकोसिस, तर काम सोडल्यावरही पुढे सरकत राहतो.

फोटो कसा वाचतात

खाणीत लागताना आणि नंतर दर पाच वर्षांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं १९५५ च्या खाण नियमांत लिहिलेलं आहे. कॉलरीत तिला सगळे पीएमई म्हणतात. वजन, रक्तदाब, नजर, कान, श्वासाची चाचणी आणि छातीचा फोटो. या फोटोचं वाचन नेहमीच्या दवाखान्यात होतं तसं नसतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रमाण मानलेल्या फोटोंचा एक संच आहे. वाचणारा डॉक्टर कामगाराचा फोटो आणि संचातले फोटो शेजारी शेजारी लावतो. फुप्फुसाचे वरचा, मधला, खालचा असे भाग करून बारीक ठिपके शोधतो. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंत असले तर पी, तीनपर्यंत क्यू, दहापर्यंत आर. दहा मिलिमीटरच्या वर गेले की तो मोठा गोळा, त्याला ए, बी, सी. मग ठिपक्यांची दाटी शून्य ते तीन अशा मापात ठरते, आणि ती दोन आकड्यांत लिहितात. १/० लिहिलं असेल तर अर्थ असा, की डॉक्टरने दाटी पहिल्या पायरीची धरली, पण शून्य धरावी का याचाही गंभीरपणे विचार केला. १/१ म्हणजे पहिली पायरी, शंका नाही. १/२ म्हणजे पहिली धरली, पण दुसरीही मनात आली.

हे दोन आकडे म्हणजे दाव्याचा कणा. गल्लीतल्या एक्स-रे सेंटरच्या रिपोर्टवर 'दोन्ही बाजूंना जुने व्रण' एवढंच असतं. भरपाईच्या कामात असल्या रिपोर्टला फारसं वजन नाही. या पद्धतीने वाचायला शिकलेल्या डॉक्टरचं वाचन लागतं. असे डॉक्टर मोजके आहेत. खाण कंपन्यांकडे न्युमोकोनिओसिसची वैद्यकीय मंडळं असतात. नागपुरात खाण कामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था होती, ती २०१९ मध्ये अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीविकार विभागातून सुरुवात करणं हा सगळ्यांना परवडणारा मार्ग.

फोटोसोबत फुंकर मारायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री लागतेच. फोटो आजार दाखवतो, स्पायरोमेट्री त्याने काय बिघडलं ते दाखवते. दोन्ही नेहमी जुळत नाहीत. फोटोवर भरपूर ठिपके आणि फुंकर ठणठणीत, असंही होतं, आणि उलटंही. शंका उरली तर सीटी स्कॅन. तो साध्या फोटोपेक्षा लवकर पकडतो, पण वरच्या आकड्यांची पद्धत साध्या फोटोची आहे. त्यामुळे सीटी हाताशी आहे म्हणून फोटो टाळू नका.

यात वारंवार घोळ होतो तो टीबीचा. वरच्या भागात व्रण, खोकला, वजन घटलेलं, पत्ता खाणपट्ट्यातला. डॉक्टर टीबीची गोळी सुरू करतात. सहा महिने झाले, उतार नाही, पुन्हा गोळी. बेडका एकदाही पॉझिटिव्ह आलेला नाही, याकडे कुणाचं लक्ष नसतं. पंचवीस वर्षं खाणीत होतो हे पेशंट सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: अमुक खाणीत, अमुक काम, इतकी वर्षं. आणि केसपेपरवर ते लिहून घ्यायचं. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. सिलिकोसिस आणि टीबी एकाच छातीत असू शकतात, त्यामुळे हा धुळीचाच आजार आहे असं ऐकून टीबीची औषधं आपल्या मनाने बंद करणं जिवावर बेतेल. दोन्ही एकत्र असणं ही भरपाईतली अडचण नाही. सिलिकोसिस हे मुख्य कारण असेल, तर सिलिको-टीबी कायद्याच्या यादीत आहे.

दुसरा घोळ बिडीचा. कंपनीचा वकील विचारतो, दिवसाला किती बिड्या? खरं ते सांगावं. बिडीने सीओपीडी होतो, वाढतोही. पण फुप्फुसाच्या वरच्या भागातले ते गोल बारीक ठिपके बिडीने उठत नाहीत. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून साक्षीत यायला हवं.

कायदा तारीख कशी शोधतो

आधी कुठला कायदा ते पाहू. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि १९५२ चा खाण कायदा, या दोन खांबांवर हे सगळं उभं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. भरपाईचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला, खाणीतल्या सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत. चौकट बरीचशी तीच आहे. पूर्वी भरपाईचे दावे ऐकणारा जो 'आयुक्त' होता, त्याच्या जागी संहितेत 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. ज्यांचा हक्क त्याआधी उभा राहिला, त्यांची प्रकरणं जुन्या कायद्याच्या भाषेतच चालतात, म्हणून इथे तीच भाषा वापरतो. आपलं प्रकरण कोणत्या बाजूला पडतं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

कायद्याची युक्ती अशी आहे. काही आजारांची यादी केलेली आहे, तिसरी अनुसूची. यादीतला आजार त्या-त्या कामात झाला, तर तो कामावरचा अपघातच धरायचा. धुळीने फुप्फुस आकसणारे आजार, त्यात सिलिकोसिस आणि कोळसा-सिलिका यांचा मिश्र आजार, हे या यादीच्या तिसऱ्या भागात आहेत. धुळीचा सीओपीडी या यादीत नाही. म्हणजे ज्याचा फोटो स्वच्छ आणि दम मात्र मेलेला, तो माणूस भारतात जवळजवळ वाऱ्यावर आहे. ब्रिटनमध्ये खाण कामगारांचा जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा १९९३ पासून व्यावसायिक आजार मानला जातो. सुरुवातीची अट होती जमिनीखाली वीस वर्षं कामाची. १९९८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारी कोळसा कंपनीला या आजारासाठी जबाबदार धरलं आणि पुढे लाखो माजी कामगारांना, त्यांच्या विधवांना पैसे मिळाले. आपल्याकडच्या युनियनांनी यादीतल्या या भोकावर जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा केलेला नाही, असं माझं मत आहे. बोनसच्या बैठकीला जी गर्दी होते, ती इथे दिसत नाही.

आता तारीख. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. पण दोन वर्षं कधीपासून? तीन उत्तरं आहेत.

आजारामुळे माणूस कामावर येऊच शकला नाही, तर त्या सलग गैरहजेरीचा पहिला दिवस म्हणजे 'अपघाता'चा दिवस. आजाराने क्षमता घटली, पण तो कामावर येतच राहिला, तर त्याने मालकाला आजाराची लेखी सूचना दिली त्या दिवसापासून मुदत मोजतात. आणि काम सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस.

तिसरं उत्तर नीट वाचा. निवृत्तीनंतर पाच-सात वर्षांनी धाप लागू लागली, आणि या आजारात हे अगदी नेहमीचं आहे, तर माणूस या खिडकीतून बाहेर पडतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि तो मागावा. पण ती मागून घ्यायची मेहेरबानी आहे, हक्क नाही. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या वर्षात छातीची पूर्ण तपासणी मागून घ्या, तिची प्रत घ्या आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या आत स्वतःहून पुन्हा एकदा फोटो काढा. त्रास असो वा नसो. साध्या टप्प्यात त्रास नसतोच, हे वर आलं आहे.

मालकाला सूचना देणं म्हणजे साहेबाच्या कानावर घालणं नव्हे. साध्या कागदावर नाव, पत्ता, टोकन नंबर, काम, आजाराचं नाव, तो कुठल्या तपासणीत कुठल्या तारखेला कळला, एवढं लिहायचं. मॅनेजरच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि पोचपावती त्याच फायलीत. असा कागद दिला तर अनफिट करतील, भूमिगत भत्ता जाईल, बदली होईल, ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण कागद न दिल्याने आजार थांबत नाही, फक्त तारीख हरवते.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. खाण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे सिलिकोसिस किंवा न्युमोकोनिओसिसचा रुग्ण आढळला, तर खाणमालकाने खाण सुरक्षा महानिदेशालयाला कळवायचं असतं. या खात्याचं मुख्यालय धनबादला आहे आणि कार्यालय नागपुरातही. एवढंच नाही, ज्या डॉक्टरकडे तो पेशंट गेला, तो खासगी असला तरी, खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला असा आजार दिसतोय असं वाटलं तर त्यानेही लेखी कळवायचं असतं. नव्या संहितेतही हे बंधन आहे. डॉक्टरला नम्रपणे याची आठवण करून द्या. तो कागद गेला, की तुमच्या आजाराला सरकारदरबारी एक तारीख मिळते.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या टोकाने सोडवली आहे. १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हजारो खाण कामगारांनी संप केला आणि त्याच वर्षी संसदेने खाणीतल्या धुळीवर मर्यादा आणि आजाराला भरपाई देणारा कायदा केला. आज तिथला नियम असा, की जमिनीखाली पंधरा वर्षं काढलेल्या आणि श्वासाच्या आजाराने पूर्ण अपंग झालेल्या माणसाचा आजार खाणीमुळेच झाला, असं धरून चालायचं. तसं नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. तरीही तिथे दावे वर्षानुवर्षं लढवले जातात, आणि आजार संपलेलाही नाही. व्हर्जिनियातल्या तीनच दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात मोठे गोळे झालेले ४१६ रुग्ण सापडले. कोळशाचे जाड थर संपत आले, पातळ थरांसाठी दगड जास्त कापावा लागला, ही त्यामागची मोठी कारणं. वर सिलिकाबद्दल लिहिलं ते याचसाठी.

पैसे किती

हिशेब क्लिष्ट दिसतो, पण आहे तीन गोष्टींचा: पगार, वय आणि कमावण्याची क्षमता किती टक्के गेली.

पगार जास्त असला तरी, ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपयेच धरले जात. त्याआधी ८,००० होते. कायमच्या अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चाळिशीत गुणक १८४.१७, पंचावन्नाव्या वर्षी १३५.५६. समजा घुग्गुसकडचा एक ड्रिलर, वय ५५, क्षमता ३० टक्के घटली असं डॉक्टरने लिहून दिलं. ९,००० गुणिले १३५.५६ म्हणजे १२,२०,०४०. त्याचे ३० टक्के ३,६६,०१२ रुपये. आता याच माणसाची 'तारीख' २०१९ मधली ठरली, तर ८,००० च्या हिशेबाने रक्कम होते १,९५,२०६. माणूस तोच, छाती तीच, फक्त तारीख बदलली.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर जुन्या कायद्याप्रमाणे १२ टक्के सरळव्याज. टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. वरच्या ड्रिलरचं प्रकरण चार वर्षं रखडलं, तर व्याजच पावणेदोन लाखांच्या घरात जातं.

क्षमतेचा टक्का हा भांडणाचा खरा मुद्दा. कंपनीचे डॉक्टर म्हणतात, फुंकर थोडीच कमी आहे, बसून काम करू शकतो. इथे सर्वोच्च न्यायालयाचा सत्तरच्या दशकातला एक निकाल कामी येतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमावण्याची क्षमता पूर्ण गेली असं धरलं. म्हणजे शरीराचं किती टक्के गेलं, एवढंच पाहायचं नाही. हा माणूस जे काम करत होता ते आता करू शकतो का, हे पाहायचं. वीस किलोचं ड्रिल घेऊन चढावर चालणाऱ्या माणसाला धापेमुळे शंभर पावलंही नीट जात नसतील, तर त्याला खुर्चीतल्या कामाचा हिशेब लावून चालत नाही. वकील हे मांडतो की नाही, याकडे लक्ष ठेवा.

कोल इंडियाच्या कायम कामगाराला या रकमेपेक्षा दुसरी वाट मोठी वाटते आणि त्यात त्याचं चुकत नाही. राष्ट्रीय कोळसा वेतन कराराच्या कलम ९.४.० प्रमाणे आजाराने कायमचा अनफिट होऊन नोकरी गेली, तर वारसाला नोकरीची तरतूद आहे. त्यासाठी कंपनीच्या वैद्यकीय मंडळाने तसं लिहून द्यावं लागतं, आणि तिथेच रांगा लागतात, दलाल फिरतात. दलालाला पैसे देऊ नका, एवढंच म्हणेन. पण ही नोकरी आणि कायद्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी घेताना 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून घेतलं असेल, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मात्र त्याच आजारासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावला, तर या कायद्याखाली मागता येत नाही. एक दार निवडावं लागतं.

ठेकेदाराचा माणूस

त्याला ९.४.० नाही. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, पाटी बदलते, माणूस त्याच साईडिंगवर तीच धूळ खात राहतो. जुन्या कायद्यात खाणीला ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू नव्हती, त्यामुळे तिकडची पेन्शनही नव्हती. (वीज केंद्रातल्या कोळसा प्लांटवरचा कामगार कारखान्याच्या नियमांत आणि बहुधा ईएसआयसीत येतो. त्याची फाईल वेगळ्या खिडकीवर जाते.) खाणीतल्या कंत्राटी माणसाला हा भरपाईचा दावा हीच एक वाट उरायची.

त्याच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. ठेकेदार पळाला, बुडाला, मेला, तरी ज्या कंपनीच्या कामावर तो राबत होता, तिच्याकडून भरपाई मागता येते. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दावा करताना दोघांनाही पक्षकार करा.

अडतं ते पुराव्यात. मी इथे होतो, हे दाखवायला काय आहे? गेट पास, प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, सीएमपीएफचा, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, पीएमईची चिठ्ठी, खाणीच्या कर्मचारी रजिस्टरचा उतारा. जुनी माणसं या रजिस्टरला अजून बी फॉर्मच म्हणतात. कंपनी सरकारी आहे, म्हणून तिला माहितीचा अधिकार लागू आहे. स्वतःच्या पीएमईचे फोटो आणि रिपोर्ट, आणि आपण काम केलं त्या जागेची धूळ मोजल्याच्या नोंदी, दोन्ही माहिती अधिकारात मागा. धुळीची मोजणी खाणीला करावीच लागते, आणि धुळीत सिलिका जितकी जास्त, तितकी परवानगीची मर्यादा खाली येते. मोजणीचे आकडे मर्यादेच्या वर दिसले तर दावा भक्कम होतो. मोजणीच केली नाही असं उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा.

दावा दाखल होतो आयुक्तापुढे. महाराष्ट्रात हे काम बहुधा कामगार न्यायालयातले न्यायाधीश पाहतात. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील आहे, पण मालकाला अपील करायचं असेल तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. हे ठाऊक असलं, की अपिलात जाऊ, दहा वर्षं लावू, या धमकीला घाबरून निम्म्यात तडजोड होत नाही.

घरातला माणूस गेला असेल, तर दोन वर्षं मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. आणि इथे एक कागद सगळं ठरवतो: मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात कारणाच्या एकाखाली एक ओळी असतात. वर तात्काळ कारण, खाली मूळ आजार. घाईत डॉक्टर वरच्या ओळीत 'हृदय बंद पडल्याने' लिहून मोकळे होतात. खालच्या ओळीत न्युमोकोनिओसिस किंवा सिलिकोसिस लिहिलं गेलं नाही, तर पुढे ते सिद्ध करताना विधवेला जुने फोटो घेऊन दारोदार फिरावं लागतं. त्या क्षणी कागदाचं बोलणं अवघड जातं, म्हणून घरातला एखादा शांत डोक्याचा भाऊ, जावई नाहीतर शेजारी यासाठी आधीच ठरवून ठेवावा. त्याने जुनी फाईल डॉक्टरसमोर ठेवावी आणि प्रमाणपत्र हातात पडताच खालची ओळ वाचून घ्यावी. आजाराचं निदान पक्कं झालेलं नसेल आणि शवविच्छेदनाची सोय असेल, तर त्याला नाही म्हणू नये. मृत्यूची रक्कम परस्पर कुणाच्या हातात देता येत नाही, ती आयुक्ताकडेच जमा व्हावी लागते. ठेकेदाराने तेराव्याला घरी येऊन पाकीट दिलं आणि अंगठा घेतला, तर त्याने कायद्याची देणी फिटत नाहीत.